घरफोड्याचं धाडस

जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’मध्ये नायकाची नेमणूक होते तीच मुळी घरफोड्या म्हणून. स्मॉग नावाच्या ड्रॅगनने बळकावलेला डोंगर आणि त्यातला खजिना परत मिळवायला तेरा बुटके निघाले आहेत आणि त्यांना चौदावा गडी हवा आहे. गॅन्डाल्फ हा जादूगार सांगतो, आधी योद्धाच शोधत होतो; पण सगळे योद्धे दूरदेशी आपसांत लढण्यात गुंतलेत. मग उरला बिल्बो बॅगिन्स. वय पन्नाशीचं, खाऊनपिऊन सुखी, शेजाऱ्यापाजाऱ्यांत अब्रूदार. या मोहिमेतून कदाचित कुणीच परतणार नाही, हे ऐकताच तो किंचाळतो आणि थरथरत जमिनीवर कोसळतो.

लेखकाला परंपरागत शौर्याची थट्टा करायची आहे, हे पहिल्या प्रकरणातच कळतं. बिल्बोच्या आजोळच्या घराण्यातल्या एका पराक्रमी पुरुषाने लढाईत गॉब्लिनांच्या राजाचं मुंडकं असं उडवलं, की ते सशाच्या बिळात जाऊन पडलं. एका फटक्यात लढाई जिंकली आणि गोल्फच्या खेळाचा शोधही लागला!

थट्टा करणाऱ्याने खरं युद्ध पाहिलेलं होतं. 1916 साली टोल्किन फ्रान्समध्ये सॉमच्या आघाडीवर लँकेशायर फ्युजिलिअर्समध्ये सिग्नल अधिकारी होते. खंदकातल्या उवांमुळे पसरणाऱ्या तापाने त्यांना त्याच वर्षी मायदेशी परतावं लागलं. शाळेपासूनचे दोन जिवलग मित्र मात्र त्या वर्षी गेले, एक जुलैत आणि दुसरा डिसेंबरात. पुढे ऑक्सफर्डमध्ये ते जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक झाले. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्यावरचं त्यांचं 1936 मधलं व्याख्यान आजही अभ्यासलं जातं. त्या काव्यातला म्हातारा राजा ड्रॅगनशी लढतो आणि स्वतःही मरतो. हार ठरलेली असतानाही लढणाऱ्या या वीरांविषयी टोल्किनना अपार ओढ होती.

असं असून 1937 च्या सप्टेंबरात त्यांचं मुलांसाठीचं पुस्तक आलं, त्यात ड्रॅगनला नायक मारतच नाही. स्मॉगला टिपतो बार्ड नावाचा तिरंदाज, ज्याची ओळख आपल्याला त्याच्या आदल्या काही पानांवर झालेली असते. बिल्बो त्या वेळी तिथे हजरही नसतो. शेवटी पाच सैन्यांची तुंबळ लढाई होते, तर तिच्या ऐन भरात बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि तो बेशुद्ध पडतो! तलवार गाजवायच्या जागा टोल्किन त्याच्या हातून ठरवून काढून घेतात. अपवाद एकच, मर्कवुडच्या जंगलातला. तिथे काळोखात एकट्याने अजस्र कोळी मारल्यावर बिल्बो आपल्या छोट्या तलवारीला नाव देतो. दुसरा लेखक असता, तर त्याने नायकाची जडणघडण इथेच पुरी झाली म्हटलं असतं.

डोंगराचं चोरदार उघडतं तेव्हा बुटके मागे रेंगाळतात आणि बिल्बो एकटाच बोगद्यात उतरतो. पुढे तांबूस उजेड दिसतो, घोरण्याची घरघर ऐकू येते आणि तो थबकतो. समोर अजून ड्रॅगन नाही, कुणी बघणारंही नाही. तिथून पुन्हा चालू लागणं हेच त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं धाडस, असा निवाडा खुद्द निवेदक देतो.

मला तो पटत नाही. बोगद्यात बिल्बोला फक्त स्वतःच्या भीतीशी झुंजायचं होतं. पुढे ड्रॅगन मरतो आणि खजिन्याच्या मोहाने बुटक्यांचा राजा थोरिन आंधळा होतो. ज्यांचं गाव स्मॉगने जाळलं, त्यांनाही तो वाटा देत नाही. डोंगराला वेढा पडतो. थोरिनला प्राणांहून प्रिय असलेलं आर्केनस्टोन हे रत्न बिल्बोने लपवून ठेवलेलं असतं. करारानुसार मिळणारा आपला चौदावा हिस्सा तो यातच धरतो आणि तडजोडीसाठी ते रत्न रात्री गुपचूप शत्रूच्या छावणीत नेऊन देतो. म्हणजे घरफोडी झाली खरी, पण मालकाच्याच घरात. याला फितुरीही म्हणता येईल, आणि कादंबरी ती शंका पूर्ण पुसत नाही. इथेच थांब, असं वेढ्यात सामील असलेला एल्फांचा राजा त्याला सुचवतो. तरी बिल्बो सोबत्यांकडे परततो आणि रत्न शत्रूच्या हाती गेलं कसं हे थोरिन विचारतो तेव्हा स्वतःहून कबूल करतो. थोरिन त्याला तटावरून खाली फेकायलाच निघतो. बिल्बो इथवर येईल, असं कोळ्यांच्या प्रसंगात वाटलं नव्हतं.

गंमत म्हणजे या पुस्तकातला आणखी एक गाजलेला प्रसंग मूळ आवृत्तीत नव्हताच. 1937 च्या पुस्तकात डोंगराखालच्या काळोखात भेटलेला गॉलम नावाचा जीव कोड्यांचा डाव हरल्यावर बिल्बोला मुकाट बाहेरची वाट दाखवतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना बिल्बोला तिथे सापडलेल्या, अदृश्य करणाऱ्या अंगठीचं स्वरूपच पालटलं, तेव्हा टोल्किननी ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि ते 1951 च्या आवृत्तीत आलं. आता गॉलम खुनाच्या इराद्याने वाट अडवून बसतो. बिल्बो अदृश्य आहे, हातात तलवार आहे. वार करावा असं मनात येतं, पण त्या जिवाच्या एकटेपणाची कणव येते आणि तो काळोखातच त्याच्या डोक्यावरून उडी मारून निसटतो.

एवढं करून बिल्बो घरी पोचतो, तर दारात त्याच्याच सामानाचा लिलाव चालू असतो. गावाने त्याला मेला असं धरलेलं. स्वतःच्या खुर्च्या-टेबलं त्याला पैसे मोजून सोडवावी लागतात. चांदीचे काही चमचे तर कधीच मिळत नाहीत, आणि त्याचा संशय थेट भाऊबंदांवर असतो.