दोन फुटी रुळांवरचे छोटे इंजिन : बांधणी आणि रंगकाम

महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळींचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम मागेपुढे पाहिले. मी लेखक नव्हे. हातात कानस आणि करवत धरणारा माणूस. परंतु मंडळींनी सांगितले, "तुम्ही ते छोटे इंजिन कसे केलेत, तेवढेच लिहा." तेव्हा जे हातांनी केले, तेच येथे क्रमाने सांगतो. वाचकांपैकी एखाद्याच्या घरातील मुलाला यावरून शेगड्यापाशी उभे राहण्याची हौस वाटली, तर श्रमाचे सार्थक झाले.

ग्वाल्हेरकरांना छोट्या गाडीचे निराळे कौतुक सांगावयास नको. माधवराव महाराजांच्या काळात येथे दोन फुटी रुळांची रेल्वे सुरू झाली. ग्वाल्हेर ते श्योपूर ही सुमारे १९९ किलोमीटरची तिची वाट या रुंदीच्या रेल्वेत जगातील सर्वांत लांब म्हणून गणली जाई. जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर पाहुण्यांपुढे फिरणारी चांदीची आगगाडीही आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती आजही संग्रहालयात आहे. श्योपूरची गाडी मात्र २०२० साली थांबली व त्या मार्गाचे रुंदीकरण हाती घेण्यात आले. जी गाडी आमच्या पिढीने रोज पाहिली, ती आमच्या नातवंडांना गोष्टीतच ऐकावी लागणार.

परंतु मी जे इंजिन केले, ते प्रवासी गाडीचे नव्हे, कारखान्याचे. ऊसमळे, खाणी, वीटभट्ट्या, धरणांची बांधकामे अशा ठिकाणी हलके रूळ टाकून त्यांवरून माल वाहण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. फ्रान्समध्ये पॉल दकोव्हिल यांनी १८७५ च्या सुमारास आपल्या शेतातील बीट वाहून नेण्यासाठी माणसांना उचलता येतील असे तयार रूळ बनविले. बर्लिनमध्ये १८७६ साली निघालेल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीने तर अशी इंजिने जगभर धाडली. माथेरानच्या १९०७ साली सुरू झालेल्या दोन फुटी रेल्वेची पहिली वाफेची इंजिनेही याच कंपनीची होती. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहावयास मिळते. आसामातील तिपोंगच्या कोळसा खाणीत तर अशी छोटी वाफेची इंजिने एकविसाव्या शतकातही काम करीत होती.

माझ्या इंजिनाचा मूळ नमुना एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात उभा होता. चार चाकांचे, त्याच जर्मन कंपनीचे, गंजलेले इंजिन. पाण्याची टाकी बॉयलरच्या बाजूंना नसून खाली चौकटीच्या दोन पाट्यांमध्ये बसविलेली. मी टेप, वही व पेन्सिल घेऊन गेलो आणि दिवसभरात पुढचा भाग, दोन्ही बाजू, चाके व धुराडे यांची मापे उतरविली. ऊन कलले. मागची बाजू, कोळशाची पेटी आणि ड्रायव्हरच्या खोलीची मागील भिंत राहिली. "पुढच्या महिन्यात येऊ," असे म्हणून परतलो. त्या पुढच्या महिन्याचे चार महिने झाले. पुन्हा गेलो तेव्हा इंजिनाच्या जागी गवत दबलेले तेवढे दिसत होते. भंगारवाल्याने ते कापून नेले होते. त्यात दुसऱ्या कोणाचा दोष मानीत नाही. आळस माझा होता. म्हणून पहिला धडा हाच : वस्तू समोर आहे तोवर सर्व मापे घ्या, फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत एक पट्टी उभी ठेवा.

आता प्रमाणाचे गणित. दोन फुटी रेल्वेचा नमुना करावयाचा, तर फुटाला १६ मिलिमीटर हे प्रमाण फार सोयीचे पडते. दोन फूट म्हणजे बरोबर ३२ मिलिमीटर, आणि ३२ मिलिमीटर रुंदीचे छोटे रूळ व चाके तयार मिळतात. मूळ वस्तूच्या सुमारे एकोणिसाव्या भागाएवढी प्रत होते. बारा फूट लांबीचे इंजिन १९२ मिलिमीटर, पाच फूट रुंदी ८० मिलिमीटर, दोन फूट व्यासाचे चाक ३२ मिलिमीटर. इंचांचा हिशेबही सोपा : तीन इंचांना चार मिलिमीटर.

लांबी एकोणीस पटीने घटते. वजन मात्र एकोणीसच्या घनाने, म्हणजे जवळजवळ ६,९०० पटीने घटते. आठ टनांचे इंजिन या हिशेबाने सव्वा किलोच्या आतच बसते. म्हणून पत्र्याच्या पोकळ इंजिनात मी शिशाचे तुकडे भरले. वजन कमी असेल तर चाके जागच्या जागी फिरतात आणि डबे ओढले जात नाहीत.

बांधणीची सुरुवात चौकटीपासून करावी. दीड मिलिमीटर जाडीच्या पितळेच्या दोन पट्ट्या कापाव्या आणि त्या डाखाच्या दोन-तीन ठिपक्यांनी एकमेकींना तात्पुरत्या चिकटवाव्या. मग दोन्हींतून एकदमच आसांची भोके पाडावी. दोन पट्ट्या वेगवेगळ्या भोकल्या तर केसाएवढा फरक पडतोच, आणि तेवढ्या फरकाने इंजिन लंगडते. पट्ट्या एकत्र आहेत तोवरच त्यांवर जोडदांड्यांच्या पट्ट्या ठेवून त्यांचीही भोके त्याच अंतरावर पाडून घ्यावी. जोडदांड्यावरील दोन भोकांतील अंतर आणि दोन आसांतील अंतर एकच असले पाहिजे. हे झाल्यावर तापवून पट्ट्या सुट्या कराव्या.

चार चाके एकाच वेळी रुळाला टेकणे ही दिसते तेवढी सोपी गोष्ट नाही. घरातील चौरंग डुगडुगतो, पण तिवई कधी डुगडुगत नाही, हे आपण जाणतोच. तीच युक्ती येथे करावी. मागील आस पक्का ठेवावा. पुढील आसाची भोके कानशीने वरखाली थोडी लांबट करावी आणि त्या आसाच्या मध्यावर वरून एक स्क्रू टेकवावा. आता पुढचा आस त्या मध्यबिंदूवर डोलतो आणि इंजिन तीन बिंदूंवर उभे राहते. रूळ थोडा वाकडा असला तरी चारही चाके टेकतात.

यानंतर सर्वांत नाजूक काम येते. इंजिनाच्या डाव्या बाजूचा क्रँक आणि उजव्या बाजूचा क्रँक यांत नव्वद अंशांचे अंतर ठेवतात. कारण एका बाजूचा दांडा जेव्हा अगदी टोकाला पोहोचतो, तेव्हा त्याला चाक फिरविण्याचा जोर उरत नाही. त्या क्षणी दुसरी बाजू जोरात असते व चाक पुढे नेते. नमुन्यातही हेच राखावे लागते. गंमत अशी की कोन नेमका नव्वदचा नसून अठ्ठ्याऐंशीचा झाला तरी बिघडत नाही. परंतु दोन्ही आसांवर तो सारखा हवा. एकावर अठ्ठ्याऐंशी व दुसऱ्यावर ब्याण्णव झाला, की चाके अर्ध्या फेऱ्यात अडकतात. एक चाक आसावर पक्के करून दुसरे हातानेच थोडे थोडे फिरवीत जुळवावे. इंजिन उतरत्या फळीवर ठेवावे. ते आपल्या आपण शेवटपर्यंत गेले तर काम साधले. तोवर मोटरीला हातही लावू नये.

मूळ इंजिनात जेथे पाण्याची टाकी होती, तेथे दोन पाट्यांमध्ये मी मोटर बसविली. वेगाचा हिशेब आधीच करावा. मिनिटास सहा हजार फेरे घेणारी सहा व्होल्टची मोटर व चाळीसास एक असे वर्म गिअर घेतले, तर चाक मिनिटास दीडशे फेरे घेते. चाकाचा परीघ सुमारे शंभर मिलिमीटर, म्हणजे इंजिन सेकंदाला पंचवीस सेंटिमीटर चालते. एकोणीसने गुणले की खऱ्या इंजिनाचा ताशी सतरा किलोमीटर वेग निघतो. कारखान्यातील इंजिनाला तेवढा पुरे. पुनःपुन्हा भरता येणाऱ्या छोट्या पेशी बॉयलरच्या पोकळीत मावतात, त्यामुळे रुळांतून वीज द्यावी लागत नाही व रूळ मळले तरी अडत नाही.

बॉयलरसाठी तांब्याची नळी, ड्रायव्हरच्या खोलीसाठी अर्ध्या मिलिमीटरचा पितळी पत्रा, दांड्यांसाठी पितळी तार, एवढे साहित्य पुरते. रिवेटे दाखविण्याची एक जुनी युक्ती आहे. पत्रा शिशाच्या तुकड्यावर पालथा ठेवावा, मागून रेषा आखावी आणि टोक बोथट केलेल्या खिळ्याने एकेक हलका ठोका द्यावा. पुढच्या बाजूस बारीक गोल उंचवटे उठतात. ठोके सारखे पडले पाहिजेत. माझ्या नातवाने हे काम माझ्यापेक्षा चांगले केले, कारण त्याला घाई नव्हती. डाख देताना खिडकी उघडी ठेवावी, धूर नाकात जाऊ देऊ नये, आणि डाखात शिसे असते म्हणून काम संपताच हात स्वच्छ धुवावे.

आता रंगकाम. येथे माझी दुसरी चूक सांगितली पाहिजे. डाख चांगला धरावा म्हणून जे आम्लयुक्त द्रव्य लावतात, ते मी फडक्याने नुसते पुसले आणि उत्साहाच्या भरात रंग दिला. पंधरा दिवस सारे झकास दिसले. मग सांध्यांपाशी रंगाखालून हिरवे ठिपके वर येऊ लागले. आत राहिलेले आम्ल पितळ खात होते. सगळा रंग खरवडून मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून रंगापूर्वी इंजिन सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवून जुन्या दातांच्या ब्रशाने घासावे, मग भांडी घासण्याच्या पावडरीने, शेवटी स्वच्छ पाण्याने धुवावे. नंतर एक दिवस सुकू द्यावे व त्याला उघडे बोट लावू नये. बोटांचे तेलही रंगाला धरू देत नाही.

पितळेवर नुसता रंग टिकत नाही. आधी धातूला धरून बसणारे अस्तर द्यावे. ते पातळ असावे, नाहीतर मेहनतीने ठोकलेली रिवेटे बुजतात. त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावे. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ तीन हात बरे. प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबावे आणि इंजिन डब्याखाली झाकावे, म्हणजे धूळ बसत नाही. पावसाळी हवेत रंगाचे काम करू नये. ओलाव्याने रंग पांढुरका पडतो.

काळा रंग निवडताना नवशिका हमखास फसतो. छोट्या वस्तूवर शुद्ध काळा रंग कोळशाच्या ढेकळासारखा दिसतो, त्यात रिवेट, पट्टी काहीच उठून दिसत नाही. मोठे इंजिन आपण दहा पावलांवरून पाहतो. मधल्या हवेने व उजेडाने त्याचा काळेपणा निवळतो. म्हणून काळ्यात थोडा करडा व चिमूटभर तपकिरी मिसळावा. धूम्रपेटी आणि धुराडे मात्र निस्तेज काळे, कारण उष्णतेने तेथील चमक राहत नाही.

शेवटी जुनेपणाचा रंग. कामावरचे इंजिन नव्या भांड्यासारखे लखलखत नसते. जेथे पाणी गळते तेथे क्षाराचे पांढरे ओघळ, पायरीवर बूट घासून उघडे पडलेले लोखंड, दांड्यांवर तेल व धूळ यांचा काळसर थर, चाकांवर मातीचा रंग. प्रत्येक डागाला कारण असावे. पाणी वरून खाली वाहते, म्हणून ओघळ खालीच जावेत. कारण ठाऊक नसेल तो डाग देऊ नये.

इंजिन पुरे झाले. मागची भिंत व कोळशाची पेटी मात्र तर्कानेच करावी लागली. त्याच जातीच्या इतर इंजिनांची चित्रे पाहून ती बेतली. पाहणाऱ्याला काही खटकत नाही. तरीही इंजिन उलटे केले, तर चौकटीच्या आतल्या बाजूस मी सुईने कोरलेली एक ओळ दिसेल : "पुढील भाग व बाजू मोजून. मागील भाग अंदाजाने." ती ओळ रंगाखाली झाकू नको, असे नातवाला बजावून ठेवले आहे. उद्या त्याला त्या जातीचे एखादे इंजिन कोठे उभे सापडले, तर कोणती मापे घ्यावयाची राहिली आहेत, ते त्याला शोधावे लागणार नाही.