युकुलेली: घरच्या कार्यशाळेतले वाद्य

ऑगस्ट १८७९ मध्ये मदीरा बेटावरच्या पोर्तुगीज मजुरांना घेऊन 'रेव्हन्सक्रॅग' हे जहाज होनोलुलूला लागले. उसाच्या मळ्यांसाठी आलेल्या त्या माणसांत मान्युएल नुनेश, ऑगुस्तो दियास आणि जोझे दु इस्पिरितु सांतु हे फर्निचर घडवणारे तीन कारागीर होते. पुढे त्यांनी होनोलुलूत दुकाने थाटली आणि मदीरातल्या 'माशेत' या छोट्या तंतुवाद्यावरून, हवाईच्या कोआ लाकडात युकुलेली घडवली. नुनेश यांच्याकडे शिकलेल्या सॅम्युएल कमाका यांनी १९१६ मध्ये राहत्या घराच्या तळघरात हेच काम सुरू केले. अननसाच्या आकाराची युकुलेली ही त्यांची देणगी. आज घरातल्या खोलीत युकुलेली घडवणाऱ्यांकडे फावल्या वेळचे छांदिष्ट म्हणून पाहिले जाते. माझे म्हणणे असे, की घरची कार्यशाळा ही या वाद्याची हक्काची जागा आहे आणि त्याचे खरे कारण लाकडात आहे.

युकुलेलीचा आवाज मुख्यतः वरच्या फळीवर ठरतो. नायलॉनच्या चार तारांचा ताण गिटारच्या पोलादी तारांपुढे अगदीच कमी. एवढ्याशा जोरावर फळी थरथरायची, तर ती दोन मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही पातळ लागते. जाड राहिली तर सूर कोंडतो; जास्त तासली तर घोडीपाशी फुगते. त्यात एकाच ओंडक्यातल्या दोन फळ्याही सारख्या ताठ नसतात. मोठ्या प्रमाणावर उत्पादन करायचे तर सगळ्या फळ्यांना एकच जाडी ठरवावी लागते, आणि वाद्य तुटून परत येऊ नये म्हणून ती थोडी जास्तच धरली जाते. घरचा कारागीर फळी दोन बोटांत धरून टिचकी मारतो, हलकेच वाकवून पाहतो, रंधा फिरवतो, पुन्हा टिचकी मारतो. आतल्या आधारपट्ट्याही पटाशीने थोड्या थोड्या उतरवतो. कडेच्या ओल्या पट्ट्या तापलेल्या लोखंडी नळीवर वळवतानाही तसेच: लाकूड सैल पडल्याचे तळहाताला कळते, घाई केली की पट्टी तडकते. दोन भोपळे सारखे नसल्याने मिरजेच्या तंबोरा-कारागिरांचेही काम असेच एकेका नगाकडे पाहून चालते.

यंत्र हे सारे अधिक अचूक करील, हा आक्षेप अर्धा खरा आहे. पडद्यांची जागा म्हणजे निव्वळ गणित. तार ३४५ मिलिमीटरची असेल, तर तिला १७.८१७ ने भागून पहिला पडदा साधारण १९.४ मिलिमीटरवर येतो. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागत गेले की बारावा पडदा मध्यावर पडतो. इथे हाताचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. साचा किंवा यंत्र खुशाल वापरावे. पण फळीची योग्य जाडी आधी कुणालाच ठाऊक नसते, ती त्या फळीकडूनच काढून घ्यावी लागते. दुसरा आक्षेप खर्चाचा. शिकाऊ मुलासाठी स्वस्त, तयार युकुलेलीच घ्यावी, हे मलाही मान्य आहे. तिच्यामुळेच हे वाद्य घरोघरी पोहोचले. मात्र एका फळीतून जास्तीत जास्त किती सूर निघेल, याचा शोध घ्यायला लागणारा वेळ त्या किमतीत बसत नाही. घरी काम करणाऱ्याकडे तो असतो. शिवाय वाद्य लहान, म्हणून लाकूडही थोडेच लागते. कोआ फक्त हवाईत उगवतो, पण खुद्द हवाईत आंब्याच्या लाकडाच्याही युकुलेली घडतात. तेव्हा ज्याच्याकडे रंधा, पटाशी आणि तयार कान असेल, त्याने आपल्याकडच्या आंब्याच्या फळीपासून खुशाल सुरुवात करावी.