पोकळीतून आलेला आवाज

17 सप्टेंबर 1948. निजामाने हैदराबादच्या डेक्कन रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली आणि आपली हिंगोली ज्या राज्यात होती तिथली त्याची स्वतंत्र सत्ता संपली. ही घोषणा ऐकवणाऱ्या रेडिओंच्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह होते. ट्रान्झिस्टरचा रेडिओ बाजारात यायला 1954 साल उजाडायचं होतं.

काय असतं या व्हॉल्व्हमध्ये? एक तार, एक जाळी, एक पत्रा. बाकी काहीच नाही, आणि खरी कमाल त्या ‘काहीच नाही’ची आहे! आतली हवा इतकी उपसलेली असते की जेमतेम अब्जावा हिस्सा उरतो. आवाज पोकळीतून जात नाही, हे आपण शाळेत शिकतो. मग निजामाचा आवाज तिथून आला कसा?

आवाज विजेच्या रूपात आला. तार तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन उडतात. वाटेत हवा नसल्याने ते थेट समोरच्या पत्र्याकडे धावतात, उलटे मात्र येत नाहीत. ही एकेरी वाट फ्लेमिंगने 1904 मध्ये वापरात आणली. दोनच वर्षांनी ली डी फॉरेस्टने मध्ये जाळी बसवली आणि चमत्कार झाला. सिद्धेश्वर धरणाचा दरवाजा थोडा हलवला की केवढा लोंढा कमी-जास्त होतो! जाळीचं काम तेच. एरियलवर आलेली क्षीण थरथर जाळीला मिळते, आणि पत्र्याकडचा प्रवाह तिच्याच तालावर, पण कितीतरी जोरात, डोलतो. असे चार-पाच व्हॉल्व्ह ओळीने लावले की भरल्या घरात आवाज घुमतो.

आणि ही पोकळी दशकानुदशकं टिकते कशी? काचेच्या आत आरशासारखा चंदेरी डाग दिसतो. तो बहुधा बेरियमचा. चुकार वायू तो गिळून टाकतो. काचेला तडा जाऊन हवा शिरली, की डाग दुधासारखा पांढरा पडतो. म्हणून संग्राहक आधी डाग बघतात.

आता याहूनही मोठ्या पोकळीसाठी औंढ्याजवळ पाहा. तिथल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला 2023 मध्ये केंद्राची अंतिम मंजुरी मिळाली. त्याच्या 4 किलोमीटर लांब नळ्यांत हवेचा लाख कोटींतला जेमतेम एक हिस्सा उरेल. म्हणजे व्हॉल्व्हच्याही हजारपट विरळ! कान लागतील ते अवकाशाच्या थरथरीकडे.

घरच्या माळ्यावर जुना रेडिओ असेल तर भंगारात घालू नका. प्लगही लावू नका. जुने कपॅसिटर दगा देतात. मागची पाठ उघडा आणि काचेवरचा डाग बघा. चंदेरी असेल, तर तो व्हॉल्व्ह जपून ठेवा.