वाचणाऱ्या मुलाजवळ कोण बसतं?

‘असर’च्या पाहणीत मुलाच्या हातात एक साधा कागद देतात. त्यावर काही सुटी अक्षरं असतात, काही सोपे शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा असतो आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट असते. मूल कितवीत आहे याला इथं महत्त्व नाही. त्यानं जमेल तिथपर्यंत मोठ्यानं वाचायचं. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात ही पाहणी होते. २०१८ मध्ये पाचवीतल्या ५०.५ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत होती. कोविडमुळे शाळा बंद राहिल्याच्या काळानंतर, २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर घसरलं आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरलं. म्हणजे पाच वर्षं शाळेत काढलेल्या मुलांपैकी निम्म्यांहून अधिक मुलं आजही त्या गोष्टीशी अडखळतात.

या आकड्यांवर दर वेळी अग्रलेख येतात. मला त्यांच्याइतकीच महत्त्वाची वाटते ती पाहणीची जागा. ही चाचणी शाळेत होत नाही, घरी होते. ओसरीवर किंवा अंगणात मूल वाचायला बसतं, तेव्हा आई, आजी, शेजारपाजारचे सगळे ऐकत असतात. पुष्कळ घरांत मुलाचं वाचणं असं कान देऊन ऐकण्याचा प्रसंग त्याआधी आलेलाच नसतो. वही तर भरलेली असते. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेतलेलं, ठळक, वळणदार. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिनं त्या भरलेल्या वहीवर विश्वास ठेवला तर तिला दोष कसा देणार?

ही वही अशी का भरते, याचा माग पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात काढला गेला. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीत आलेल्या मुलांचा तिसरीपर्यंत सलग पाठपुरावा केला. वाड्यात मराठी, यादगीरला कन्नड. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसलेलं चित्र आपल्या ओळखीचंच आहे. वर्गाचा मोठा वेळ बाईंच्या मागून एका सुरात म्हणण्यात आणि फळ्यावरचं उतरवून काढण्यात जातो. त्या अक्षरांतून कोणी आपल्याशी काही बोलतंय, हे मुलाला उमगायला फार उशीर होतो. देवनागरीची अडचण आणखी वेगळी. मुळाक्षरं संपली की काना, मात्रा, वेलांटी, उकार येतात आणि मग जोडाक्षरं. हा डोंगर चढायला तीन-चार वर्षं लागणं स्वाभाविक आहे. पण आपले पाठ्यक्रम एवढा वेळ थांबत नाहीत, आणि पहिलीत मागे राहिलेलं मूल दुसरीत मागे राहिलेल्या मुलांच्या बाकावर जाऊन बसतं.

त्याच वाडा तालुक्यातल्या सोनाळ्यात नीलेश निमकर आणि त्यांची ‘क्वेस्ट’ संस्था या प्रश्नावर काम करते. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी ‘प्रगत शिक्षण संस्थे’त हेच काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालवलं. मूळच्या अमेरिकन असलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मराठी वाचन शिकवण्याचा प्रश्न आयुष्याचा केला, हे महाराष्ट्रानं कृतज्ञतेनं आठवायला हवं. या दोन्ही ठिकाणच्या कामाचा गाभा एकच आहे. सगळी मुळाक्षरं ओळीनं संपेपर्यंत ताटकळायचं नाही. थोडी अक्षरं आणि एखाद-दुसरी स्वरचिन्हं हाती आली की लगेच शब्द, वाक्य, चिमुकली गोष्ट. सोबत रोज मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि मुलानं सांगितलेलं त्याच्याच शब्दांत लिहून त्याच्यासमोर ठेवायचं.

हे सगळं शाळेचं काम आहे, आणि ते शाळेचंच राहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ‘पालकांचा सहभाग’ हा शब्दप्रयोग आजकाल इतका सैल झालाय, की मुलाला वाचता येत नाही याचं खापर सोयीस्करपणे घरावर फुटतं. दिवसभर कांद्याच्या लागणीला गेलेल्या बाईनं रात्री जोडाक्षरं शिकवावीत, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

घराला नुसती माहिती देऊन तरी काय होतं? याचा फार नेटका शोध उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात घेतला गेला. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८० गावं निवडली. काही गावांत सभा घेऊन लोकांना शाळेबद्दलचे त्यांचे अधिकार आणि ग्रामशिक्षण समितीचं काम समजावलं. काही ठिकाणी त्यापुढे जाऊन गावकऱ्यांनाच मुलांची वाचनचाचणी घ्यायला शिकवलं आणि गावाचं प्रगतिपुस्तक तयार करायला लावलं. तिसऱ्या गटातल्या गावांत याच्या जोडीला गावातल्याच तरुणांना वाचन शिकवण्याचं थोडं प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वाचनवर्ग चालवायला सांगितलं. गावात अशी समिती आहे, याचा बहुतेक पालकांना पत्ताही नव्हता. सभा झाल्या, चर्चा झाल्या, पण पहिल्या दोन गटांत शाळेत काही बदललं नाही, पालक पुढे आले नाहीत, मुलांचं वाचनही हललं नाही. तिसऱ्या गटात मात्र स्वयंसेवक उभे राहिले आणि त्यांच्या वर्गांना आलेली मुलं वाचनात पुढे सरकली. वर्गांना येणारी मुलं थोडीच होती, हेही त्या अभ्यासानं लपवलेलं नाही.

यातून मी एवढंच घेतो की लोकांना काळजी असते, पण ‘लक्ष द्या’ म्हटल्यानं त्या काळजीला हातपाय फुटत नाहीत. उद्या संध्याकाळी नेमकं काय करायचं, हे सांगावं लागतं.

मुंबईत हे आधीच दिसलं होतं. महापालिकेच्या शाळांत ‘प्रथम’नं ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या या मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळात दोन तास वेगळं घेऊन बसत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात याची काटेकोर तपासणी झाली, तेव्हा सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाल्याचं आढळलं. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात तो फायदा बराच ओसरलाही. म्हणून एखादा पंधरवडा, एखादा उत्सव साजरा करून फोटो वर पाठवण्यानं मुलाचं वाचन टिकत नाही. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन मला मनापासून आवडतो. माझं मागणं १६ ऑक्टोबरच्या वेळापत्रकाबद्दल आहे.

शाळा आणि घर यांच्यातलं अंतर कमी करण्याची वाट आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी पाड्यांवरच्या अंगणात भरवली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. अंगणात शिकवणं चालू असलं की आयांना ते दिसतं, ऐकू येतं, आणि त्यांना कुणी वेगळं बोलावणं धाडावं लागत नाही.

अलीकडच्या काळात त्या वाटेवर परत जाणारी एक चांगली गोष्ट घडली. २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावानं शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले. पहिलीत येणाऱ्या मुलांना आई शाळेत घेऊन आली, एकेका टेबलावर मुलानं काय केलं ते तिनं पाहिलं, आणि गल्लीतल्या चार-सहा आयांचे माता गट बनले. घरात करायच्या छोट्या कृती त्यांच्या मोबाईलवर येऊ लागल्या. पालकसभेत मागच्या रांगेत पदर सावरून गप्प बसणारी बाई शेजारणीच्या ओट्यावर मोकळी होते, हे ज्यानं ओळखलं त्याला गाव कळतं.

याचा परिणाम किती, हे मात्र फुगवून सांगू नये. बिहार आणि राजस्थानात आयांसाठी साक्षरता वर्ग आणि आई-मुलांनी मिळून घरात करायच्या कृती यांचा अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आया शिकल्या, मुलांच्या अभ्यासात त्यांचं लक्ष वाढलं. पण मुलांच्या गुणांत पडलेली भर लहानच होती, तीही गणितात. घर शाळेची जागा घेऊ शकत नाही, हेच त्यातून पुन्हा दिसतं.

मग घरानं करायचं काय? माझ्या मते ऐकायचं. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, मूल शेजारी बसून वाचतंय आणि आई मध्येच विचारते, “मग पुढं काय झालं रं?” एवढ्यासाठी तिला एकही अक्षर यावं लागत नाही. या प्रश्नानं मुलाला अर्थाकडे वळावं लागतं, आणि वर्गातल्या एकसुरी पाठांतराला नेमका तोच धक्का हवा असतो. दुसरी गोष्ट आजीकडे आहे. वारली पाड्यावरची आजी वारलीत गोष्ट सांगते, मेळघाटातली कोरकूत. ती गोष्ट मुलानं वर्गात सांगावी, बाईंनी देवनागरीत फळ्यावर लिहावी आणि सगळ्यांनी वाचावी. घरची बोली फळ्यावर आलेली पाहिली की पुस्तकातली मराठी त्या मुलाला परकी वाटेनाशी होते.

ज्यांचं घरच हलतं, त्यांचा विचार इथं करायलाच हवा. बीड आणि नगरकडची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. आईबाप कारखान्याच्या फडावर, मूल गावात आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. तिथं संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था असते, तशी रोज अर्धा तास ऐकणाऱ्या माणसाचीही असावी. गावातली बारावी झालेली मुलगी हे करू शकते, बालसखींनी ते करून दाखवलंय. जी मुलं फडावर जातात, त्यांच्या बोचक्यात पाच-सहा पुस्तकं जावीत.

आणि इथं गाडी कपाटापाशी अडते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणं आवश्यक ठरवलं. पुस्तकं बहुतेक शाळांत पोचली आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी ती कुलपात आहेत. हरवलं, फाटलं, तर भरून कोण देणार, या धास्तीनं गुरुजी ती घरी देत नाहीत. त्यांची धास्ती खरी आहे, कारण तपासणीला आलेला अधिकारी नोंदवही मागतो. किती मुलांनी काय वाचलं हे विचारत नाही. वर्षाकाठी शाळेतली काही टक्के पुस्तकं फाटणार आणि हरवणार हे गृहीत धरून ती निर्लेखित करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना द्यावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि समितीच्या एकूण सदस्यांत निम्म्या बाया असाव्यात असं कायदा म्हणतो. समितीच्या बैठकीत भिंत, शौचालय आणि पोषण आहार यांच्या जोडीला एक विषय कायमचा ठेवावा: या महिन्यात किती पुस्तकं घरी गेली. कपाटाची किल्लीही समितीतल्या एखाद्या आईकडेच असू द्यावी.