हृदयाची वीण आणि विजेचा आघात

हृदय हे रक्त पुढे ढकलणारे यंत्र आहे, हे आपण शाळेत शिकतो. पण ह्या यंत्राचे प्रत्येक आकुंचन एका विद्युत्-लहरीच्या आज्ञेने घडते. ती लहर विस्कटली, की हृदय जागच्या जागी थरथरत राहते. रक्त मात्र पुढे जात नाही. अशा वेळी छातीवरून दिलेला विजेचा आघात प्राण वाचवू शकतो. हा आघात नेमके काय करतो, आणि त्याचे यश हृदयाच्या घडणीवर का अवलंबून असते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

हृदयाचा स्नायू मातीच्या गोळ्यासारखा एकजिनसी नाही. सुमारे एक दशांश मिलिमीटर लांबीच्या पेशी टोकाला टोक जुळवून त्याचे तंतू बनलेले असतात. बांबूवर कोयता उभा चालवला तर तो सरसर चिरत जातो, आडवा चालवला तर अडतो. विद्युत्-लहरीचेही तसेच आहे. तंतूंच्या दिशेने ती आडव्या दिशेपेक्षा दुप्पट-तिप्पट वेगाने धावते. शिवाय जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, भिंतीत हे तंतू आतून बाहेर येताना थराथराने दिशा बदलतात; एकूण वळण जवळजवळ १२० अंशांचे भरते. ह्या पिळामुळेच हृदय ओले वस्त्र पिळावे तसे रक्त बाहेर टाकते.

ह्याच वीणेत धोकाही आहे. कोलवाळच्या पुलाखालून वाहणारी शापोरा नदी खांबाशी आली, की तिथे भोवरा धरते. पूर्वीच्या हृदयविकाराच्या झटक्याने मृत झालेल्या स्नायूचा व्रण हा असाच एक खांब होय. त्याच्याभोवती लहर गिरक्या घेऊ लागते, गिरकी फुटून अनेक गिरक्या होतात, आणि हृदयात एका आज्ञेऐवजी शेकडो आज्ञांचा कल्लोळ माजतो. वैद्यकात ह्याला फिब्रिलेशन म्हणतात.

विजेनेच हा कल्लोळ थांबवता येतो, हे १८९९ साली जिनिव्हात प्रेव्हो व बातेली ह्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत पाहिले. १९४७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथे शल्यविशारद क्लॉड बेक ह्यांनी शस्त्रक्रियेच्या मेजावरील चौदा वर्षांच्या मुलाचे हृदय असा आघात देऊन पुन्हा चालू केले. १९५६ मध्ये पॉल झोल ह्यांनी बंद छातीवरून हे साधले, आणि १९६२ मध्ये बर्नार्ड लाऊन ह्यांनी घरगुती विजेसारख्या प्रत्यावर्ती प्रवाहाऐवजी एकदिश प्रवाहाचा अधिक सुरक्षित आघात रूढ केला.

उपाय सापडला, पण कोडे उरले. स्नायू सर्वत्र एकसारखा असता, तर बाहेरून दिलेल्या विजेचा पेशींवरील परिणाम पृष्ठभागापासून अवघ्या काही मिलिमीटरांत विरून गेला असता. डाव्या जवनिकेची भिंत तर सुमारे एक सेंटिमीटर जाड. मग आतल्या पेशींपर्यंत आघात पोचतो कसा?

उत्तर वीणेतच दडलेले आहे. तंतू जिथे वळतो, जिथे रक्तवाहिनी आडवी येते, जिथे चरबी, संयोजी ऊती किंवा व्रण असतो, तिथे प्रवाहाची वाट बदलते आणि तो पेशीपटल ओलांडून आत वा बाहेर जातो. अशा प्रत्येक ठिकाणी, कोणतीही तार जोडलेली नसताना, जणू लहानसे विद्युत्-अग्र उभे राहते. शास्त्रज्ञ त्याला आभासी विद्युत्-अग्र म्हणतात. १९८९ मध्ये सेपुल्वेदा, रॉथ व विक्सो ह्यांच्या गणिताने त्याचे चित्र स्पष्ट केले. पुढे विद्युत्-दाबानुसार प्रकाश बदलणाऱ्या रंजकद्रव्यांच्या साहाय्याने ते प्रयोगातही दिसले. सारांश, ज्या विषमतेमुळे भोवरा जन्म घेतो, तिच्याच आधाराने तो मोडणारी वीज हृदयाच्या अंतरंगात शिरते.

ह्यातून बऱ्याच गोष्टी उलगडतात. आघात अपुरा पडला तर काही लहरी शिल्लक राहतात, किंवा आभासी अग्रांच्या कडेला नवा भोवरा सुरू होतो. म्हणून आजची यंत्रे आघाताच्या मध्येच प्रवाहाची दिशा उलटवतात. पहिल्या भागाने मागे ठेवलेली विषमता दुसरा भाग बऱ्याच अंशी पुसतो. बंगळूर व चेन्नई येथील शाजहान, सिताभ्र सिन्हा व राहुल पंडित ह्यांनी २००७ मध्ये संगणकीय प्रतिकृतींवरून दाखवले, की अडथळ्याची जागा किंचित सरकली तरी भोवऱ्याचे भवितव्य बदलते. गटिंगेन व कॉर्नेल येथील संशोधकांनी २०११ मध्ये रक्तवाहिन्यांजवळच्या ह्याच आभासी अग्रांचा उपयोग करून, एका मोठ्या आघाताऐवजी पाच क्षीण आघात दिले. प्राण्यांवरील त्या प्रयोगांत सरासरी ८४ टक्के कमी ऊर्जा पुरली.

पेडणे-डिचोलीच्या वाचकांना ह्याचे काय? गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला, दोन्ही गावांपासून तीस-पस्तीस किलोमीटरांवर. म्हापशाचे जिल्हा रुग्णालय जवळ असले, तरी तेही हाकेच्या अंतरावर नाही. छाती दाबण्याचा प्रथमोपचार मिळाला नाही, तर फिब्रिलेशनमध्ये दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. रक्त न मिळालेल्या पेशी थकतात, त्यांच्यातील विद्युत्-दुवे क्षीण होतात, आणि जी वीण आघाताला साथ देणार तीच ढिली पडते. उत्तम यंत्रही मग उशिरा पोचून हतबल ठरते.

म्हणून माणूस कोसळला, हाकेला ओ देत नसला आणि नीट श्वास घेत नसला, तर १०८ क्रमांकाला कळवावे, आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. स्वतःच हृदयाचा ठोका तपासून आघात द्यावा की नाही हे सांगणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत. ती वापरण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. पेडण्याची पुनव असो, शिरगावची जत्रा असो वा शाळेचे क्रीडांगण, जिथे माणसे जमतात तिथे असे एक यंत्र आणि ते हाताळू शकणारे चार हात असावेत. हृदयाची वीण निसर्गाने दिलेली आहे. ती शाबूत असेतोवर मदत पोचवणे मात्र आपल्या हाती आहे.