वितळजोडकाम, मिग

वितळजोडकाम, मिग : सतत पुढे सरकणारी धातूची बारीक तार हीच विद्युत् अग्र आणि भरण धातू म्हणून वापरून, वायूच्या आवरणाखाली विद्युत् प्रज्योतीच्या उष्णतेने धातू जोडण्याची पद्धत. ‘मिग’ हे नाव ‘धातू’ व ‘अक्रिय वायू’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. आर्गॉन वा हीलियम यांसारखा अक्रिय वायू वापरला, तरच ते काटेकोरपणे लागू पडते. पोलादासाठी कार्बन डाय-ऑक्साइड किंवा त्याचे आर्गॉनाशी केलेले मिश्रण वापरतात, तेव्हा ‘मॅग’ ही संज्ञा योग्य ठरते. व्यवहारात मात्र दोन्ही प्रकारांना मिग असेच म्हणतात आणि भारतातील कारखान्यांत ‘सीओटू वेल्डिंग’ हे नाव रूढ आहे.

या पद्धतीत तार यंत्राकडून आपोआप पुरविली जाते. कांडी संपली म्हणून थांबावे लागत नाही आणि सांध्यावरील मळीचा थर फोडावा लागत नाही. त्यामुळे नवशिक्याला पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी सरळ रेघ ओढता येते. परंतु हीच सुलभता फसवी ठरते. वरून सुबक दिसणारी रेघ मूळ धातूशी एकजीव न होता त्यावर केवळ बसलेली असू शकते. असा सांधा भार पडल्यावर पूर्वसूचना न देता सुटतो. म्हणून मिग पद्धतीतील कौशल्य म्हणजे सुबक रेघ काढणे नव्हे, तर मूळ धातू खोलवर वितळला आहे याची खात्री करता येणे होय.

इतिहास : जाड ॲल्युमिनियम जोडण्यासाठी अमेरिकेतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संस्थेत १९४८ मध्ये ही पद्धत विकसित झाली. अक्रिय वायू महाग असल्याने पोलादासाठी तिचा वापर प्रथम मर्यादित राहिला. १९५३ मध्ये ल्युबाव्हस्की व नोव्होझिलॉव्ह या सोव्हिएट संशोधकांनी कार्बन डाय-ऑक्साइडाचा उपयोग पुढे आणला आणि खर्च पुष्कळ कमी झाला. त्या दशकाच्या अखेरीस बारीक तार व कमी विद्युत् दाब वापरून पातळ पत्रा जोडण्याचे तंत्र प्रचारात आले. आज छोट्या कारखान्यांत होणारे बहुतेक काम याच तंत्राने होते.

मुंबई उपनगर जिल्ह्यातील कुर्ला हा या कामाचा एक परिचित परिसर आहे. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातून १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट व पुढे प्रीमियर पद्मिनी या मोटारगाड्या तयार होत असत. ते उत्पादन आता बंद झाले आहे. परंतु मोटारदुरुस्ती, सुटे भाग, भंगार आणि लोखंडी बांधकाम यांचे व्यवसाय कुर्ल्यात आजही चालतात. अशा कार्यशाळेत एकाच कामगाराला सकाळी मोटारीच्या तळाचा १ मिमी. जाडीचा गंजका पत्रा आणि दुपारी जिन्याच्या कठड्याचा ५ ते ६ मिमी. जाडीचा कोनपट्टा जोडावा लागू शकतो. पत्र्यासाठी लावलेल्या मापावरच कोनपट्टा जोडला, तर रेघ दिसेल; पण कठडा धरलेला राहणार नाही. यंत्राच्या समायोजनाचे महत्त्व या उदाहरणावरून स्पष्ट होते.

तत्त्व : पुरवठा यंत्र विद्युत् दाब जवळजवळ स्थिर ठेवते. तार सामान्यतः धन टोकाला व काम ऋण टोकाला जोडतात. हात किंचित खाली गेला की प्रज्योत आखूड होते, विद्युत् प्रवाह वाढतो, तार अधिक वेगाने वितळते आणि प्रज्योतीची लांबी पूर्ववत होते. हात वर गेल्यास याच्या उलट घडते. या स्वयंनियमनामुळे प्रज्योत टिकून राहते. याचा दुसरा अर्थ असा की, यंत्रावरील तारेच्या वेगाची कळ ही वस्तुतः विद्युत् प्रवाहाची कळ असते, तर विद्युत् दाबाची कळ प्रज्योतीची लांबी व रेघेची रुंदी ठरविते. कमी दाबावर तारेचे टोक वितळलेल्या धातूच्या डबक्याला सेकंदाला सु. २० ते २०० वेळा टेकते व दर वेळी थेंब सोडून अलग होते. टेकताना होणारी प्रवाहाची वाढ किती जलद व्हावी, हे काही यंत्रांत प्रवर्तकत्वाच्या कळीने ठरविता येते. ती योग्य असल्यास छिटे कमी उडतात.

यंत्राचे समायोजन : सौम्य पोलादाच्या बाबतीत सु. ३ मिमी. जाडीपर्यंत दर मिमी. जाडीस सु. ४० अँपिअर प्रवाह लागतो, असा ढोबळ नियम आहे. ३ मिमी. पत्र्यासाठी ०·८ मिमी. व्यासाची तार, मिनिटाला ६ ते ७ मी. तारवेग व १८ ते २० व्होल्ट दाब येथून आरंभ करावा. वायूचा प्रवाह मिनिटाला १० ते १५ लिटर ठेवतात. निव्वळ कार्बन डाय-ऑक्साइड स्वस्त असून त्याने धातू खोलवर वितळतो. मात्र छिटे अधिक उडतात व दाब थोडा जास्त लागतो. आर्गॉनात २० ते २५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड मिसळल्यास प्रज्योत शांत राहते व पातळ पत्र्याचे काम सोपे जाते. ॲल्युमिनियमासाठी शुद्ध आर्गॉनच लागतो.

वरील आकडे केवळ प्रारंभबिंदू होत. योग्य माप शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दाब स्थिर ठेवून तारवेग कमीतकमी ठेवल्यास तारेच्या टोकाला मोठा गोळा बनतो व तार मागे जळत टोकनळीला चिकटते. वेग फार वाढविल्यास तार न वितळता कामावर आपटते आणि हाताला धक्के बसतात. या दोन टोकांच्या मध्ये फोडणी तडतडावी तसा एकसारखा आवाज येतो; तेथे तारवेग जुळला असे समजावे. त्यानंतर दाब अर्ध्या-एका व्होल्टाने बदलून रेघ पाहावी. दाब कमी असल्यास रेघ अरुंद व उंच उठते; जास्त असल्यास ती चपटी होते, कडांना खाच पडते आणि पातळ पत्र्याला भोक पडते. प्रत्येक पट्टीवर खडूने जाडी, दाब व तारवेग लिहून ठेवावा. अशा दहा-बारा पट्ट्यांचा संच कोणत्याही छापील कोष्टकापेक्षा त्या विशिष्ट यंत्राची अधिक विश्वसनीय माहिती देतो.

हाताचा सराव : प्रथम यंत्र बंद ठेवून, कोपर टेकवून व दोन्ही हातांनी बंदूक धरून संपूर्ण सांध्यावरून ती फिरवून पाहावी. सरावाचे विषय तीन आहेत. (१) टोकनळीपासून कामापर्यंतचे अंतर : ते सु. १० ते १२ मिमी. ठेवावे. अंतर वाढले की तारेचा रोध वाढतो, प्रवाह घटतो आणि यंत्राचे माप न बदलताही सांधा उथळ होतो. (२) बंदुकीचा कोन : सपाट सांध्यावर ती कामाला काटकोनात व दोन काटकोनी पट्ट्यांच्या कोपऱ्यात ४५ अंशांवर धरतात, शिवाय ती प्रवासाच्या दिशेत १० ते १५ अंश कललेली असते. बंदूक पुढे ढकलत नेल्यास रेघ रुंद व उथळ, तर मागे ओढत नेल्यास अरुंद व खोल होते. (३) वेग : नजर झगझगीत प्रज्योतीवर न ठेवता डबक्याच्या पुढच्या कडेवर ठेवावी व तार त्या कडेवरच राखावी. हात रेंगाळून वितळलेला धातू पुढे वाहिला, तर प्रज्योत त्या द्रवावर पडते आणि खालचा पत्रा न वितळता झाकला जातो. वरून खाली उतरत केलेल्या उभ्या सांध्यात हा दोष विशेष आढळतो.

सरावाचा क्रम सपाट पट्टीवरील रेघ, एकमेकींवर चढविलेल्या पट्ट्या, काटकोनी कोपरा, समोरासमोर टेकविलेल्या कडा आणि शेवटी उभे व डोक्यावरचे सांधे असा असतो. पातळ पत्रा सलग जोडू नये. अंतराअंतराने टाके मारून, उष्णता पसरू देत काम पुरे करावे.

परीक्षण : सराव आणि निव्वळ पुनरावृत्ती यांतील भेद परीक्षणाने ठरतो. दोन पट्ट्या काटकोनात उभ्या करून फक्त एका बाजूने जोडाव्यात व हातोड्याने जोडाच्या बाजूला वाकवून त्या मोडाव्यात. भंगलेल्या पृष्ठभागाच्या मुळाशी पट्टीची मूळची सरळ कड जशीच्या तशी दिसली, तर तेथे धातू वितळलाच नव्हता. दुसऱ्या रीतीत सांधा करवतीने आडवा कापून कानशीने गुळगुळीत करतात व सौम्य नायट्रिक अम्ल लावतात. त्यामुळे जोडाची सीमा स्पष्ट दिसते. अम्लाचे काम प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करावे.

दोष व कारणे : सांध्यातील बारीक छिद्रे बहुधा वायूचे आवरण विस्कटल्याने पडतात. पंख्याचा झोत, रस्त्याकडे उघडणाऱ्या दारातून येणारा वारा, छिट्यांनी भरलेले नोझल तसेच कामावरील गंज, तेल व रंग ही त्याची कारणे होत. मुंबईच्या पावसाळी हवेत तार लवकर गंजते. म्हणून तिचे रीळ काम संपल्यावर कोरड्या जागी झाकून ठेवावे. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या नळकांड्यात द्रव असतो व त्याच्या बाष्पीभवनाने झडप गोठून वायू थांबतो. यासाठी नियंत्रकाला तापक जोडतात. प्रज्योत अधूनमधून तुटत असल्यास माप बदलण्यापूर्वी झिजलेली टोकनळी, तारेचा अडकलेला मार्ग आणि कामाला लावलेला सैल चिमटा तपासावा. नवशिक्या ज्याला स्वतःच्या हाताचा दोष समजतो, तो पुष्कळदा येथे सापडतो.

सुरक्षितता : प्रज्योतीतील जंबुपार किरणांमुळे डोळ्यांत काही तासांनी वाळू गेल्यासारखी वेदना होते. म्हणून प्रवाहानुसार १० ते १३ क्रमांकाची काच असलेला मुखवटा, चामडी हातमोजे व जाड सुती कपडे वापरतात. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या धुराने थंडीताप येतो. असा मुलामा आधी घासून काढावा. कोंडलेल्या जागेत कार्बन डाय-ऑक्साइड व आर्गॉन हे दोन्ही वायू ऑक्सिजन हटवून गुदमरवू शकतात. मोटारीवर काम करताना इंधनाची टाकी काढून ठेवावी. ओल्या जमिनीवर उभे राहून काम करू नये.

प्रशिक्षण : १९५० पासून चालू असलेल्या केंद्र शासनाच्या कारागीर प्रशिक्षण योजनेत वेल्डर हा एक वर्ष मुदतीचा व्यवसाय आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तो शिकविला जातो व त्यात वायुरक्षित प्रज्योत पद्धतीचा समावेश आहे. तारेच्या गुणवत्तेसाठी आय. एस. ६४१९ हे भारतीय मानक आहे. एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा झाला तरी दाबपात्रे, पूल यांसारख्या कामांसाठी स्वतंत्र पात्रता-चाचणी द्यावी लागते. छोट्या कार्यशाळेत अशी चाचणी घेणारा सहसा कोणी नसतो. तेथे सरावाची पट्टी मोडून पाहण्याची कामगाराची स्वतःची सवय हीच ग्राहकाची एकमेव हमी असते.