औषधांचा डबा कोणाच्या स्वाधीन?

दवाखान्यात एखादे ज्येष्ठ जोडपे आले, की मी विचारतो, "काका, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?" काका काकूंकडे पाहतात आणि काकू सारे वेळापत्रक तोंडपाठ सांगतात. "आणि काकूंना कोणत्या?" या प्रश्नाला मात्र काकांकडून क्वचितच उत्तर मिळते.

वाचकहो, पतीचे पथ्यपाणी पत्नीने सांभाळावे ही रीत आज सत्तरीत असलेल्या पिढीने लहानपणी घरात पाहिली आणि निमूटपणे पुढे चालवली. तीत माया आहे, हे खरेच. परंतु काकू पाय घसरून पडल्या आणि रुग्णालयात दाखल झाल्या, की घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात. मधुमेही काका सवयीने इन्सुलिन घेतात. जेवणाला मात्र उशीर होतो. रक्तशर्करा ७० च्या खाली उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. घरची मंडळी ते वार्धक्याचे लक्षण समजतात. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तात्काळ रुग्णालय गाठावे. हे काकांनाही ठाऊक हवे, आणि मुलांनाही.

मुलांना म्हणतो, कारण पुढच्या पिढीत हा भार बहुधा सुनेवरच येतो. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाविषयीच्या २००७ च्या कायद्याने 'अपत्ये' या शब्दात मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांचा उल्लेख केला, सुनेचा नाही. घरोघरची वहिवाट याच्या नेमकी उलट! सासूबाईंना तपासणीसाठी घेऊन येणाऱ्या सुनेचा रक्तदाब मी हल्ली त्याच खेपेस मोजतो. "माझं राहू द्या, डॉक्टर," असे ती म्हणते. मी राहू देत नाही.

दुसऱ्यांना सांगणे सोपे असते. माझ्या आईच्या गोळ्यांची चिठ्ठी मी लिहीत असे, पण त्या रोज देत असे माझी पत्नी. ती चार दिवस माहेरी गेली, तेव्हा रात्रीची गोळी जेवणाआधीची की नंतरची, हे मला आईलाच विचारावे लागले. तेव्हापासून रविवारी डबा भरण्याचे काम माझ्याकडे आहे. पहिल्याच आठवड्यात दोन कप्पे चुकले. आईने चष्मा लावून ते दाखवून दिले.